खारूताई म्हणाली, येते

४ सप्टेंबर, सोमवार

नव्या शाळेतला पहिला दिवस, आणि मी चक्क खूश आहे. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या मोठ्या, फळा मात्र नावापुरता, कारण इथे भूगोल फळ्यावर शिकवतच नाहीत. मुलांनी कॉम्प्युटरमध्ये अख्खं गाव उभं केलंय. नदी, पूल, बाजार, टेकडी, झालंच तर शाळासुद्धा. प्रत्येक मुलाची त्यात एक बाहुली. मूल टाइप करेल ते तिच्या डोक्यावर उमटतं. या बाहुलीला अवतार म्हणतात. माझी बनवली तर एक हात गुडघ्याखाली लोंबायला लागला आणि केस उभे! बाई, काय हा अवतार, म्हणून वर्ग लोळला. मीही लोळले.

कॉम्प्युटरचं सगळं बघणाऱ्या गृहस्थांना मुलं केबलकाका म्हणतात. ते म्हणाले, हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आतली आज्ञावली सगळ्यांना उघडी आहे, ज्याला समजेल त्याने बदलावी. फक्त बदललंत तर मला सांगा. मला यातलं थोडंफार समजतं, हे मी त्यांना दोनदा ऐकवलं.

७ सप्टेंबर, गुरुवार

मुलांचं डोकं बघा. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे आपल्याला लहानपणापासून बजावलेलं. त्यांनी तेच आज्ञावलीत घालून ठेवलंय. 'येतो' किंवा 'येते' टाइप केलं की बाहुली नाहीशी.

वर्गात एक मुलगी घरून येते, म्हणजे तिची बाहुलीच येते. तिला दमा आहे. पुढचे दोन दात आणि सगळीकडे लगबग, म्हणून ती खारूताई. नको इतकी शहाणी. बाई, पुलावर जाऊ? बाई, टेकडी चढू? सोडल्याशिवाय जागची हलत नाही. तिची आई शेजारच्या खोलीत कपडे शिवते. फोनवर म्हणाली, या गावामुळे पोरीला मैत्रिणी मिळाल्या, तुमचे उपकार आहेत. मी आयतं श्रेय घेतलं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

कार्ट्यांनी आज माझा मामा केला. नदीला पूर आला तर बाजार कुठे हलवाल, असं विचारलं आणि समोरून 'येतो', 'येते', 'येतो'! पुलावर उरलो दोघीच, मी लांब हाताची आणि खारूताई. शुक्रवारी पाहुणे वर्ग बघायला येणार, मोठ्या बाईंनी माझं नाव पुढे केलंय. आज्ञावलीत ती 'येते'ची ओळ सापडली. काढून टाकली. शुक्रवारच्या तासापुरतीच तर काढलीय. केबलकाकांना सांगेन नंतर.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

फत्ते! एकही बाहुली हलली नाही. पाहुणे माना डोलावत होते. खारूताईने तेवढं मध्येच 'येते बाई' सुरू केलं. पुराचा प्रश्न तिच्याकडे आला होता, म्हटलं, ही पण शिकली की टाळायला! मी लिहिलं, आधी उत्तर, मग येते. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा. मग नुसतंच 'येते', 'येत'. मी म्हटलं, नुसतंच येते येते करतेस, जात मात्र नाहीस. वर्ग खो खो हसला, पाहुणेही. मोठ्या बाईंनी पाठ थोपटली.

१८ सप्टेंबर, सोमवार

खारूताई गेली. शुक्रवारीच. त्या तासाला.

आम्ही सगळे तिच्या घरी जाऊन आलो. आई सांगत होती, श्वास लागलेला ऐकून तिने मशीनवरून हाक मारली, औषध घ्यायला ये म्हणून. पोरगी म्हणाली, बाई सोडत नाहीत गं. एवढी शिवण संपवून उठते, असं आई म्हणाली. मग उठली.

आई मला बिलगून रडली. म्हणाली, तुमचा शब्द तिने कधी मोडला नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या हाताची मला किळस येते आहे.

२० सप्टेंबर, बुधवार

गाव उघडलं तर ती पुलावर उभी. मुलं रडायला लागली. केबलकाकांनी तपासलं, म्हणाले, तिच्या घरून काही चालू नाही, कुणीही आत शिरलेलं नाही. मग तिच्या डोक्यावर उमटलं, येते.

केबलकाकांनी विचारलं, बाई, तुम्ही काही बदललंत का? मी नाही म्हटलं. लगेच म्हटलं, विचार न करता. ओळ परत घातली तर ते विचारतील कुणी काढली होती. मग सगळं बाहेर येईल.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

मोठ्या बाईंनी गाव बंद करायला सांगितलं. बंद होईना. ती पुलावर नाही आता. बाजारात आहे. तोंड पडद्याकडे. माझ्या बाहुलीकडे नाही, माझ्याकडे.

तिच्या आईने घरी कॉम्प्युटर लावलाय. समोरून उठत नाही. काही खात नाही, असं शेजारीण सांगत आली. आई म्हणते, लेक येते म्हणतेय, तुम्हाला वाचता येत नाही का? तिने लेकीचं अंथरूण घातलंय, तिचे कपडे काढून ठेवलेत. मला माहीत आहे पोरगी काय म्हणतेय. ती येत नाहीये. ती निघायची परवानगी मागतेय. अजून मागतेय.

आईला सांगायला गेले होते. दारापर्यंत. परत आले.

२५ सप्टेंबर, सोमवार

शाळेत पोहोचली. गावातल्या शाळेत. जिना. तिसरा मजला. आमच्या वर्गाच्या दारात – बाई, येते. बाई, येते. पूर्ण लिहीत नाही आता – येत – ये –

तशीच धाप लागली असेल तिला. आणि मी हसवत होते लोकांना.

आईला दवाखान्यात न्यायला माणसं गेली. तिने दार लावून घेतलं.

२६ सप्टेंबर, मंगळवार, सकाळ

सांगितलं. केबलकाकांना, मोठ्या बाईंना, सगळं. केबलकाकांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

ओळ परत घातली. मग लिहिलं, ये हं बाळ, सोडलं तुला. तिने वळून बघितलं. येते बाई. आणि नाहीशी झाली. गाव रिकामं. टेबलावर डोकं ठेवून रडले. सुटली पोर. सुटली.

मंगळवार, दुपार

घरी आहे. खारूताईच्या आईचा फोन. आवाज हसरा. म्हणाली, आली हो, दारात उभी होती – जेवत नाही, बोलत नाही, बाईंचं नाव तेवढं घेते. बाईंना उत्तर द्यायचं राहिलंय म्हणते – पुराचं –

मी म्हटलं, ताई, ऐका, माझ्या हातून – तिने मध्येच तोडलं. ती म्हणाली, नंतर बोलू, निघालोच आहोत. येतो आम्ही.

आम्ही.

जिन्यात पावलं. दोघींची. एक दमाने चढणारी – दर पायरीला थांबून – श्वास – तोच श्वास –

कडी लावावी वाटतंय. लावणार नाही. त्या दिवशी तिला अडवलं मीच. दाराबाहेर थांबलीय – विचारतेय, बाई, येऊ?

हो म्हणायला हवं. या वेळी तरी – ये बाळ, दार उघडंच आ