अर्धा ओहम

३ ऑगस्ट, सोमवार. हिला जाऊन चार महिने झाले. लेकीला विज्ञान हीच शिकवायची. आज मेहुणीचा फोन. भाऊजी, चाचणीत पोरगी घसरली तर वार्षिक परीक्षेपर्यंत मी तिला माझ्याकडे नेणार, तुमच्याच्याने होणार नाही, म्हणाली. मी बघू म्हटलं. घरात मग मी एकटाच. ते नको. उद्यापासून रोज एक तास मी शिकवणार. विषय विद्युत परिपथ. माझा हातखंडा.

४ ऑगस्ट. एकसर जोडणी. रोधांची नुसती बेरीज. लेक म्हणाली, बाबा, हे येतं मला. तरी दोनदा शिकवलं. पाया पक्का हवा.

५ ऑगस्ट. ऑफिसात उशीर. तास नाही. तयारी मनात चालू.

६ ऑगस्ट. समांतर जोडणी. रोध सहा ओहम आणि तीन ओहम, बॅटरी बारा व्होल्टची. एक छेद सहा अधिक एक छेद तीन, म्हणजे एक छेद दोन. रोध अर्धा ओहम. धारा चोवीस अँपिअर. पुस्तकात सहा छापलंय. छपाईची चूक. लेकीने पेन्सिलीने उतरवून घेतलं. पटलं असावं.

८ ऑगस्ट. आणखी चार गणितं. चारही उत्तरं चुकीची छापलेली. प्रकाशकाला पत्र लिहायला घेतलं.

१० ऑगस्ट. खालच्या मजल्यावरचा वायरमन जिन्यात भेटला. त्याला गणित सांगितलं. साहेब, एवढ्याशा वायरीतून चोवीस अँपिअर? पळायला आधी दार उघडं ठेवा, म्हणाला. अनुभव आहे, शिक्षण नाही.

१९ ऑगस्ट. चाचणीत वीसपैकी अठरा. मेहुणीने फोनवर गुण दोनदा विचारले. मग म्हणाली, बरं, राहू दे तिथंच. शिकवणं अंगात असावं लागतं, माझ्या आहे. प्रकाशकाचं पत्र टाकलं.

२० ऑगस्ट. पुढच्या धड्यासाठी हिची वही काढली. शेवटच्या पानावर लेकीसाठी चार ओळी. हॉस्पिटलातलं, वाकडं झालेलं अक्षर. ‘बाबा शिकवायला बसतील. बसू दे. समांतरचं उत्तर ते शेवटी उलटं करत नाहीत. कॉलेजातही करायचे नाहीत. तेवढं तू कर, त्यांना बोलू नकोस.’ खाली लेकीच्या अक्षरात, पेन्सिलीने माझी पाचही गणितं, प्रत्येकाला एक ओळ जास्त. एक छेद दोन उलटं केलं की दोन. बारा भागिले दोन, सहा.

पत्र कालच गेलं. पूर्ण नाव, हुद्दा, पत्त्यासकट.

संध्याकाळी लेक वही घेऊन आली. बाबा, तास, म्हणाली. बसलो. शेवटची ओळ तू लिही, म्हटलं.