हात न जोडणारा

१४ जानेवारी

शेफालीने तिळगूळ दिला आणि मी डावा हात पुढे केला.

"डाव्या हाताने घेतात का रे!"

काय सांगू तिला? उजव्यात घेतला असता तर त्याचा पाक झाला असता. त्या हातात बाप आहे — मांजरी गावातल्या आमच्या गुऱ्हाळाच्या चुलीतली आग. डाव्यात आई — शेजारून वाहणारा कालवा. आग आणि पाणी, दोघांचा एकुलता एक देव मी. येरवड्यात तिच्या पीजीच्या फाटकाशी उभा राहून तिळगूळ खातोय!

"किती गार हात आहे तुझा," ती म्हणाली. "माठच."

घरापर्यंत हसत आलो.

१७ जानेवारी

केदारला, म्हणजे माझ्या रूममेटला, सगळं माहीत आहे. इथेच नारायण पेठेत जन्मलेला, त्याला कशाचं नवल वाटत नाही. सकाळी म्हणतो, "देव आहात, मान्य. पण सिलिंडर संपलाय. उजवा हात जरा पातेल्याखाली धरता का?"

धरला. चहा उकळला. आता डाव्यालाही तेवढंच मोकळं सोडणं आलं, नाहीतर तोल जातो. बादली भरली.

"वा! आज नळाला पाणी नव्हतंच."

कॉलेजात हाच तोल गेला होता. प्रयोगशाळेतली आग मी डाव्याने विझवली आणि उजव्याने सरांचं कपाट पेटलं! सर म्हणाले, "सगळ्यांसमोर हात जोडून माफी माग, मग बघू." मी दप्तर उचललं आणि निघालो. परत गेलोच नाही. देवाने कुणापुढे हात जोडायचे?

२३ जानेवारी

मांजरीला. गुऱ्हाळ जोरात. काहिलीत रस उकळतोय आणि आईबापाचं नेहमीचं सुरू!

"ह्यो म्हातारा रस करपवणार!"

"अन् ही माझी चूल इझवणार!"

मी मध्ये उभा. उजवा हात चुलीकडे, डावा कालव्याकडे. घाम फुटला, पण हलू दिलं नाही कुणालाच. गूळ निघाला तो सोन्यासारखा. गूळ शिजवणारे आमचे गुळवे, संपतकाका, खडा तोंडात टाकून म्हणाले, "असा गूळ दुसऱ्या कुणाचा निघाला तर दाखवा मला!" छाती अशी फुगली!

निघताना चुलीतनं बाप बोलला, "पोरीचं कळलंय आमाला. पण ध्यानात ठेव, तळव्याला तळवा लागला की आमी दोघंबी तुझ्यातनं गेलो. मग तू नुसता पोरगा."



३१ जानेवारी

घात झाला.

शेफालीचे बाबा, माधवराव, वर्ध्याहून आले. चहाच्या दुकानात भेटलो. मी दोन्ही हात खिशात घालून उभा. ते वयाने एवढे, तरी उठले आणि त्यांनीच आधी हात जोडले! मी नुसती मान हलवली.

ते लेकीकडे वळून म्हणाले, "काय वं, याले हात नाहीत काय?"

 रिक्षात बसताना शेफाली म्हणाली, "तुझा माज तुझ्यापाशीच ठेव."

२ फेब्रुवारी

फोन उचलत नाही.

३ फेब्रुवारी

देव आहे मी! कुणी साधासुधा आहे का? उलट त्यांनीच माझ्या —

केदार म्हणाला, "अगदी बरोबर. मग देवळात जाऊन बसा. पोरींना फोन कशाला करताय?"

कानाखाली द्यायला हात उगारला. उजवा. केदार सरकला म्हणून वाचला, पण खिडकीचा पडदा गेला. विझवताना गादी भिजली. दोघं फरशीवर बसलो. त्याने आपली कोरडी चादर मला दिली, ते जास्त लागलं.

५ फेब्रुवारी

माधवरावांचे जोडलेले हात डोळ्यांपुढून जात नाहीत. हात जोडून त्यांचं काय गेलं? उलट त्या दुकानात सगळ्यांत मोठे तेच दिसत होते. मी नाही. देव असून!

मांजरीला गेलो. उजवा हात चुलीत घातला. बाप म्हणाला, "येडा हायस." मग बराच वेळ धरून ठेवला. डावा कालव्यात बुडवला.

"जा लेकरा," आई म्हणाली. "आमी कुटं जातोय? इथंच हाय. फकस्त तुला ऐकू यायचं नाय."

उद्या माधवरावांची गाडी आहे, केदारने शेफालीला विचारून घेतलं. स्टेशनवर जाणार. हात खिशाबाहेर ठेवून.

७ फेब्रुवारी

गॅसवरचं पातेलं उचलायला गेलो आणि बोट भाजलं. माझं!

"चिमटा काय शोभेला ठेवलाय, देवा?" — केदार.

शेफालीने बोट नळाखाली धरलं. पाणी काही बोललं नाही. तीच बोलत होती — बाबांनी माझे जोडलेले हात गाडी हलेपर्यंत कसे सोडले नाहीत, हे पुन्हा पहिल्यापासून. मध्येच थांबली. माझा उजवा हात उलटसुलट करून बघितला. "हा हात तू मला कधी दिलाच नव्हतास."

टपोरा फोड आलाय. सगळ्या पेठेला दाखवत फिरतोय.