भरमानं सांगितलेलं मरण

२६ जानेवारी
माझ्या भीमरत्नला, रतनला, शौर्यचक्र. मरणोत्तर. टीव्हीवर नाव आलं आणि अर्धं हिंडलगा गाव दारात! कुणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला. गोड लागला. लाज वाटली.

२ फेब्रुवारी
भरमा आला. ज्याला उचलायला माझा चोवीस वर्षांचा रतन नाल्यात उतरला, तोच हा जवान. मांडीत गोळी होती. आता लंगडतो — पण चालतो! कणकुंबीहून एवढ्या लांब येतो. सुविधा म्हणते, ‘आई, दादाचा माणूस आहे तो. नीट बोल गं.’ नीटच बोलते. एवढंच विचारते, ‘सांग, माझा रतन कसा गेला?’

‘गोळी लागली आन् जाग्यावरच गेले सायेब. तरास न्हाय झाला, आई.’

आई म्हणतो मला!

‘पुन्हा सांग.’

९ मार्च
आज भरमाला तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा रडला. बरं वाटलं. म्हटलं, ‘तुला दोन लेकरं झाली. माझ्या रतनचं काय?’ सुविधा भरल्या ताटावरून उठली. ‘लई वाईट वागतीस तू.’

असेन.

१४ एप्रिल
जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या फोटोशेजारी रतनचा फोटो. भरमा पाय ओढत शेवटपर्यंत चालला. पाणीसुद्धा विचारलं नाही मी.

२२ मे, दिल्ली
पदक घेतलं. टाळ्या.

मग चहाच्या वेळी रतनचे मेजर जवळ आले. ‘आई, पोटात गोळी घेऊन रात्रभर पडून होता. अतिरेकी वरच फिरत होते. पण हूं की चूं नाही! म्हणून वळसा घालून येणारी आमची पाच पोरं वाचली.’

रात्रभर?

आणि हूं की चूं नाही? साध्या इंजेक्शनला सगळा दवाखाना डोक्यावर घेणारं माझं पोर!

भरमा खोटं बोलला. इतके महिने. माझ्या तोंडावर.

२९ मे
कणकुंबीला गेले. एकटीच. भरमा गोठ्यात शेण काढत होता. म्हटलं, ‘रात्रभर जिवंत होता ना रे?’

हातातली पाटी त्यानं खाली ठेवली.

‘लई वरडत हुते सायेब. आई, आई करत. मग त्यांनीच माझा हात वडून तोंडावर ठेवला. म्हणाले, दाब रं भरमा. आवाज गेला तर सगळी मरतील. मी जरा ढिला सोडला की पुन्हा — दाब. पहाटं हात काढला, तर...’

शेवटच्या बसनं परत.

३० मे
काल एक लिहिलं नाही.

भरमाचा हात ओढून मी माझ्या तोंडावर ठेवला. ‘दाब. तेवढ्याच जोरात.’ नको नको म्हणत होता. मी सोडलं नाही. शेवटी दाबला.

मग मी ओरडले — पहिल्यांदाच, रतन गेल्यापासून.

गोठ्याच्या दाराशी त्याची बायको तांदूळ निवडत बसली होती. तिच्यापर्यंतही आवाज गेला नाही; तिनं मान वर केली नाही.