ट्रॉलीवरची बैठक

सावरमाळ, ता. पारनेर
२१ एप्रिल २०२५

चि. सौ. ज्योतीस आबाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन आला की मी नुसता हं हं करतो आणि तू वैतागतेस, म्हणून पत्र. कानातलं यंत्र घरात बरं चालतं, बँडमध्ये मात्र ते नुसतं किंचाळतं.

लग्नसराई जोरात आहे. पण काल एका लग्नात माझी शोभा झाली. मंगलाष्टकांआधी रशीद ढोलावर दोन जाड ठोके देतो, की सगळ्यांनी थांबायचं. ते मला ऐकूच आले नाहीत. डोळे मिटून मी क्लॅरिनेट वाजवत राहिलो आणि भटजी माझ्यावर आवाज चढवून मंगलाष्टकं म्हणत राहिले. शेवटी रशीदने खांद्यावर हात ठेवला. सगळं वऱ्हाड हसलं, त्याचं काही वाटलं नाही. रशीद हसला नाही, त्याचं वाटलं.

तेव्हा आता पुरे. पुनवेच्या जत्रेत आपला बँड सुपारी न घेता, घरोघरच्या भाकरीवर, देवळापुढे गावासाठी बसतो, ती बैठक यंदा नाही. कमिटीला सांगितलं, डीजे आणा. क्लॅरिनेट पुसून तुझ्या आईच्या पेटीत ठेवलंय.

तुझे दिवस भरत आलेत, घाटातून येण्याचा हट्ट करू नकोस. बापावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
आबा

राजूर, ता. अकोले
२७ एप्रिल २०२५

तीर्थरूप आबांस, ज्योतीचा वाकता येईल तेवढा नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग इतकी रडले की सासूबाईंना वाटलं कळा सुरू झाल्या. भटजींवर कुरघोडी करणारे तुम्ही जिल्ह्यात एकटेच असाल.

पण क्लॅरिनेट पेटीत ठेवलंत हे मला आवडलं नाही. आईने ते काढून परत तुमच्या हातात दिलं असतं आणि वर चार शब्द ऐकवले असते. ते मात्र तुम्हाला नक्की ऐकू आले असते.

आबा, पोटातलं बाळ दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही, तरी ते जागं झालं की मला कळतं. सूर तर तुमच्या बोटांत आहेत. फक्त रशीदचाचांचा ठेका पोचायला हवा. तो कानातूनच यायला हवा का? त्यांना हे पत्र दाखवा.

बैठकीला मी नाही असं हे पहिलंच वर्ष. मी नसले तरी बैठक असू दे. लेकीचा राग आला तर येऊ द्या, लोभ मात्र कमी करू नका.

आपली,
ज्योती

सावरमाळ
१४ मे २०२५

चि. सौ. ज्योतीस आणि पोटातल्या पाहुण्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

रशीदने तुझं पत्र वाचलं आणि तडक घरी गेला. सकाळी शेजारच्या बिभीषणच्या ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन दारात हजर. मला वर चढवलं, चपला काढायला लावल्या, ढोल ट्रॉलीच्या पत्र्याला टेकवला आणि ठोका दिला. तो माझ्या तळपायातून पार गुडघ्यापर्यंत आला. मी त्याला पुन्हा ठोका द्यायला लावला.

तरी धीर होत नव्हता. मग समोरची गोजरबाई आली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी माझ्या कानाशी ओरडली, “सहादेवा, बैठक तुझी न्हाई, गावाची हाय. तू फकस्त वाजीव.”

पुनवेला ट्रॉली देवळापुढे लावली. पत्रा उन्हाने तापला होता, तो बायकांनी घागरी ओतून गार केला. मी अनवाणी उभा राहिलो. रशीदचे दोन ठोके आले की थांबत होतो, अगदी वेळेवर.

शेवटचं वाजवून डोळे उघडले. लोकांचे हात हलताना दिसले, बाकी सगळं गप्प. ज्या टाळ्यांसाठी मी वर्षभर फुंकतो, त्याच मला ऐकू येत नव्हत्या. मी मान खाली घातली. गोजरबाईला काय दिसलं कोण जाणे, ती उठून ट्रॉलीपाशी आली आणि दोन्ही हातांनी पत्रा बडवायला लागली. मग बाकीच्या बायका आल्या, माणसं आली, डीजे मागणारी पोरंही आली. चारी बाजूंनी गाव ट्रॉली बडवत होतं. टाळ्या पायांतून वर चढल्या ज्योती, छातीपर्यंत आल्या. मी सगळ्यांदेखत रडलो.

क्लॅरिनेट आता पेटीत नाही, उशाशी आहे. बारशाला येतो, हळूच वाजवीन. बाळ रडलं तर मला ऐकू यायचं नाही, तेव्हा त्याला माझ्या छातीवर ठेव. मला कळेल.

गावाने दिली तशीच माया तुझीही असू दे.

तुझा,
आबा