काकडीतली काडी

अण्णा,

तुम्हाला जाऊन वीसहून अधिक वर्षं झाली, तरी नात्यात तुमचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. त्यांच्या हाताला माप कळायचं. गेल्या महिन्यात एका लग्नात आत्यानं ते पुन्हा म्हटलं, मंडळींनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पण ते वाक्य ऐकलं की माझं तोंड कडू होतं. ज्याच्या हाताला सगळं कळतं त्याच्या डोक्याला सुट्टी असते, आणि तुमच्या डोक्याला तुम्ही जन्मभराची सुट्टी दिली होतीत. कागद बघायचा नाही, कारण विचारायचं नाही, कोणी समजावू लागलं की लेथ सुरू करायचं. त्या घरघरीत कोणाचं काही ऐकू येत नसे आणि तेच तुम्हाला हवं असायचं. कानावर पेन्सिल मात्र नेहमी. तिला टोक केलेलं मी कधी पाहिलं नाही.

नव्वदच्या दशकातला, पीण्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन लेथ आणि कोपऱ्यात माझं टेबल. लाकडाचा साचा लेथवर चढवायचा आणि तो गरगर फिरत असताना त्याच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा दाबत दाबत आकार काढायचा, हे तुमचं काम. तुम्ही तिथले मेस्त्री. मी ड्रॉइंगचा डिप्लोमा घेऊन तिथेच लागले, कारण मालक म्हणाले, मेस्त्रींची मुलगी म्हणजे घरचीच. पहिल्या दिवशी तुम्ही मला स्वतः केलेला सागवानी ड्रॉइंग बोर्ड दिलात. बोर्ड चांगला होता, ते मी नाकारत नाही. आजही त्याच्या कडेला पट्टी लावली तर मधे फट दिसत नाही. पण तो देताना सगळ्यांसमोर काय म्हणालात? "घे गं, बसून चित्रं काढ. कामाला आम्ही आहोत की." सगळे हसले. मीही हसले, कारण एकवीस वर्षांच्या मुलीला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही. तुम्ही दिलेली प्रत्येक वस्तू अशीच यायची, आधी हातात आणि लगेच तोंडावर.

मग दिव्यांचं काम आलं. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीवर लटकतो तसला दिवा, चाळीस नग. त्याचं टोपण तुम्ही ज्या साच्यावर काढणार होता तो मंगळुरी काकडीसारखा होता, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना सारखाच निमुळता. त्याच्या अर्ध्यावर पत्रा चढवला की खोल वाटीसारखं टोपण तयार व्हायचं. त्याचं तोंड मात्र तिरपं कापायचं होतं, एक ओठ लांब आणि एक आखूड, म्हणजे उजेड रोग्याच्या डोळ्यांत जात नाही. त्या तिरप्या तोंडावर काच बसणार. आणि टोपणाच्या बुडातून, अगदी मधोमध, एक सळई सरळ पुढे येऊन काचेतल्या भोकातून बाहेर निघणार; तिच्या टोकाला डॉक्टरांनी धरायची मूठ. काच भट्टीत तापवून कडक केलेली. तिला भोक आधीच पाडून घ्यावं लागतं, भट्टीतून आल्यावर ड्रिल टेकवलं तर हातात भुगा येतो. म्हणून काचेचं ड्रॉइंग चुकून चालणार नव्हतं, आणि ते माझं पहिलं स्वतंत्र ड्रॉइंग होतं.

तुम्ही न बघताच निकाल दिलात. काच अंड्यासारखी येणार, शेडमधल्या कानडीत मोट्टे. लांब ओठाकडे रुंद आणि आखूड ओठाकडे अरुंद, कारण तिकडे टोपण फुगीर आहे आणि इकडे निमुळतं. मी म्हटलं, नाही अण्णा, काप चोख लंबगोल येतो, दोन्ही टोकं सारखी. मालकांसमोर मी तुम्हाला रबरी चेंडूवर समजावलं. चेंडू कुठूनही, कसाही तिरपा कापा, काप गोलच निघतो. आता तोच चेंडू एका दिशेनं सगळीकडून सारखा ओढून लांब केला असं समजा. गोल काप ताणला जाईल, लंबगोल होईल, पण त्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जाड कसं होईल? मालकांना पटलं. तुम्ही चेंडू हातात घेतलात, दोनदा दाबलात आणि म्हणालात, "चेंडू असा ओढता येत नाही." आणि लेथ सुरू केलंत. पुढे किती माणसं मी पाहिली, पण अडाणीपणा इतक्या ऐटीत मिरवणारा माणूस दुसरा भेटला नाही.

त्यानंतरचा रविवार. आई आमटीची तयारी करते आहे, ओट्यावर सौतेकाई, म्हणजे तीच मंगळुरी काकडी, ठेवलेली आहे, पिवळी, फुगीर, दोन्ही टोकं सारखी. तुम्ही देवघरातून जळलेल्या उदबत्तीची काडी घेऊन येता आणि ती काकडीच्या एका टोकातून दुसऱ्या टोकापर्यंत खुपसता. आई म्हणते, "अहो, आमटीची आहे ती." तुम्ही म्हणता, "स्वल्प थांब. पोरीला शिकवायचंय." मग सुरी घेऊन काकडी एका बाजूला तिरपी कापता आणि ते कापलेलं तोंड माझ्या नाकासमोर धरता.

"काडी बघ. मधे आहे काय?"

काडी मधे नव्हती. आखूड कडेकडे सरकलेली होती, चांगली बोटभर.

"एका अंगाला कमी, एका अंगाला जास्त. मग मोट्टेच की ते. तुझं पुस्तक काय म्हणतं?"

"पुस्तक काकडीबद्दल काही म्हणत नाही, अण्णा," मी म्हटलं. "काकडी म्हणजे भूमिती नव्हे. ती वाकडी वाढलीय आणि तुम्ही काडीही वाकडी घातलीय."

आई हसली. तुम्ही काकडी तिच्यापुढे ठेवलीत, काडी उपसून धुतलीत, पुसलीत आणि बाहेर गेलात. त्या दिवशी आमटी छान झाली होती आणि मी दोनदा भात घेतला. एका बिनडोक युक्तिवादाचे तुकडे खाताना मला जी मजा आली ती मी अजून विसरलेले नाही.

सोमवारी मी ड्रॉइंग पुरं केलं. लंबगोलाची लांबी अचूक, रुंदी अचूक, आणि दोन्ही मध्यरेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे, काचेच्या बरोबर केंद्रात, सळईचं भोक. ते इतकं देखणं दिसत होतं की तपासावं असं मनातही आलं नाही.

काचा आल्या त्या दिवशी मालकांनी पहिली काच टोपणावर ठेवली आणि ती अशी बसली की कडेला नखही जात नव्हतं. अंडं नव्हे, लंबगोल. मी तुमच्याकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, आयुष्यात इतका आनंद मला लग्नातही झाला नाही. मग तुम्ही सळई आत घातलीत. ती टक्‌ करून काचेवर आपटली. भोक लांब ओठाच्या बाजूला बोटभर राहिलं होतं. दुसरी काच, तिसरी काच, सगळ्या चाळीस. प्रत्येक टोपणात सळई तिथेच आली जिथे त्या काकडीत काडी होती.

मालक आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी एक काच उजेडाकडे धरली आणि विचारलं, "हे भोक कुठे घ्यायचं ते कोणी सांगितलं?"

आठवडाभर भोक आणि काडी करत शेडभर कोण फिरत होतं ते सगळ्यांना माहीत होतं. मी गप्प राहिले असते तरी बोट तुमच्याकडेच गेलं असतं. पण मी गप्प राहिले नाही. मी म्हटलं, "अण्णांनी. मी फक्त काढलं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी वाट बघत होते की आता तुम्ही बोलाल, आणि मी काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. तुम्ही फडक्याला हात पुसलेत आणि म्हणालात, "सरी." म्हणजे बरं, एवढंच. जसं कोणी चहा घेणार का म्हणून विचारलं होतं.

पुढच्या आठवड्यात मालकांनी तुम्हाला लेथवरून काढून पॉलिशला बसवलं. दुसऱ्यांनी काढलेली भांडी चाकावर घासून चकचकीत करायची. चार वर्षं, निवृत्त होईपर्यंत, तुमच्या लेथवर तुमच्याच हाताखाली शिकलेला माणूस उभा होता आणि तुम्ही तोंडाला फडकं बांधून कोपऱ्यात. काचा पुन्हा आल्या, भोकं योग्य जागी, ड्रॉइंग पुन्हा माझंच. तुम्ही एकदाही विषय काढला नाहीत, ना तिथे, ना घरी. दिव्यांचा तो लाकडी साचा फडक्यात गुंडाळून तुम्ही घरी आणलात आणि खाटेखाली ठेवलात. आईनं विचारलं तर म्हणालात, लाकूड चांगलं आहे.

तुम्ही मला वाचवलंत असं मी क्षणभरही मानलेलं नाही. ज्याला मुलीला वाचवायचं असतं तो घरी आल्यावर तिच्या कानाखाली एक वाजवतो आणि मोकळा होतो. तुम्ही मात्र रोज माझ्यासमोर जेवायला बसून ताक मागितलंत. ती सरी होती ना, तिच्यात मोठेपणा नव्हता, माज होता. चेंडूवर जे केलंत तेच माझ्यावर केलंत, समोरचा काय म्हणतो ते ऐकायचंच नाही. आणि बघा, आज नातेवाईक काय म्हणतात. शब्दानं कोणाला दुखावलं नाही. शब्द खर्च केला असता तर दुखावलं असतं.

आता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटमध्ये राहते, मशीनचे सुटे भाग कॉम्प्युटरवर काढते आणि तुमच्या कामगारांची नातवंडं शोभतील अशा वयाच्या मुलांना शिकवते. तुमचा साचा दाराला अडसर म्हणून लावलाय, लाकूड खरंच चांगलं आहे. मी स्क्रीनवर तसला आकार काढते, तिरपी पातळी सरकवते आणि काप क्षणात दिसतो. दर वेळी चोख लंबगोल. आणि पातळी आकाराच्या बरोबर मध्यातून गेली नाही, टोकाकडे जराशी जरी सरकली, तर मधला आस लंबगोलाच्या केंद्रातून जात नाही. तो आखूड कडेकडे सरकतो. हे मला कॉम्प्युटरनं शिकवलं नाही. काचा आल्या त्याच दिवशी, तुम्ही हात पुसत होता तेव्हाच, मला तो रबरी चेंडू आठवला. चेंडू असा तिरपा कापला तर काप गोल खरा, पण चेंडूच्या आरपार घातलेली काडी त्या गोलाच्या मध्यातून जाईल कशाला? मिनिटभराचं काम होतं. चेंडू माझ्याकडे होता, काडी तुमच्याकडे होती.

तरी अंडं चूकच होतं, अण्णा. तुम्हाला काडी दिसली आणि तिच्यावरून तुम्ही कडेचा आकार ठोकून दिलात. मला कडेचा आकार माहीत होता आणि त्याच्यावरून मी काडी. फरक एवढाच की माझ्या बाजूला पुस्तक होतं.

हे मी तुमच्याच बोर्डावर कागद लावून लिहिते आहे. पाठवायचं कुठे हा प्रश्न नाही, पिना काढल्या की फाडून टाकीन. पण त्याआधी एक गोष्ट. मी सगळ्यांना सांगत आले, वरही लिहिलंय, की तुम्ही कागद बघत नव्हता. त्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, तुम्ही माझ्या टेबलापाशी आला होता. हात धुतलेले होते. शर्टाच्या खिशातून आईचा चष्मा काढून डोळ्यांना लावलात, तो तुम्हाला लहान होता, आणि म्हणालात, "दाखव बघू, काडी कुठे घेतलीस ते."

मी ड्रॉइंग गुंडाळलं आणि डबा खायला गेले.