ठेक्याच्या किंचित मागे

९ फेब्रुवारी

कार्टूनवेड्यांच्या कन्व्हेन्शनमधल्या व्हिडिओ-स्पर्धेत भाग घ्यायचं ठरवलं. कितीतरी वर्षांनी.

कात्रीचा फोन आला होता. हे नाव मीच ठेवलेलं त्याला. तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो आणि एकाच संगणकावरून भांडायचो. त्याला दिसेल ते कापायची सवय, मला जपून ठेवायची.

म्हणाला, "यंदा शेवटची स्पर्धा. कन्व्हेन्शनवाले म्हणतात, तीन-तीन मिनिटांचे व्हिडिओ बघत कोण बसतं? पुढच्या वर्षी तो तास पात्रांचे पोशाख घालून मिरवणाऱ्या पोशाखवाल्यांना देणार."

"मग?"

"मग काय. मी परीक्षक आहे. धड काही आलं नाही तर तिथंच रडेन."

एकेकाळी याच स्पर्धेला लोक पायऱ्यांवर बसायचे. कुणाचा कट, म्हणजे चित्र बदलण्याचा क्षण, गाण्याच्या ठेक्यावर अचूक पडला की अख्खं सभागृह एका दमात "हाऽ" करायचं. तो "हाऽ" ऐकण्यासाठी मी परीक्षा बुडवली आहे.

१२ फेब्रुवारी

लॅबमधल्या नव्या सहकारिणीने जेवताना विचारलं, सुट्टीत काय करता? सांगितलं — जपानी कार्टून मालिकांचे तुकडे कापतो आणि गाण्यावर बसवतो.

"कशासाठी?"

दिवसभर आम्ही दुसऱ्यांचे दात बनवतो. त्याबद्दल मात्र तिला काही विचारावंसं वाटत नाही.

१८ फेब्रुवारी

गाणं ठरलं. मालिकाही. एका मुलीचा भाऊ यानातून दूर गेलाय, ती रोज गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघते. बस, एवढंच. मारामारी नाही, स्फोट नाही. आजकाल चालणार नाही. मला चालेल.

बायको वैतागली. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवते. म्हणाली, "त्याच चार ओळी किती वेळा वाजवशील? आज पाण्यात मुलांना एक-दोन-तीन म्हणायच्या ऐवजी मी तुझं गाणं म्हटलं. पोरं भलत्याच वेळी श्वास घेऊन पाणी प्यायली."

२१ फेब्रुवारी

बायकोने हेडफोन आणून दिले. बिनवायरचे, कान पूर्ण झाकणारे.

"वाढदिवसाची भेट," म्हणाली. माझा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो.

पण काय आवाज आहे! ढोलाच्या आधीचा श्वाससुद्धा ऐकू येतो. आणि घरात शांतता. ती पुस्तक वाचतेय, मी कापतोय. लग्न झाल्यापासूनचा सर्वात सुखाचा रविवार असावा. तिचाही, असं वाटतं.

४ मार्च

हल्लीच्या पोरांचं काम बघितलं. फोनवर, उभ्या चौकटीत, पंधरा सेकंदांचं. चित्र थरथरतं, फुटतं, लाल होतं, संपतं. डोळे धुवून आलो. पुन्हा बघितलं. वाईट नाहीत, हे कबूल करायला जिवावर येतंय.

त्यांच्या गटात नाव घातलंय. स्पर्धेचं सूत्रसंचालन करणारी एक मुलगी आहे, केस निळे. तिने विचारलं, "काका, तुम्ही पडद्यावर आवाजाच्या लहरी बघून कापता की ॲपच कापतं?"

मी लिहिलं — कानाने.

तिने हसून लोळणारी सात-आठ तोंडं पाठवली. ठीक आहे. बघू.

१९ मार्च

झाला! पाठवलाही. एकूण एक कट ठेक्यावर. गच्चीचं दार आपटतं ती एक-दोन ठिकाणं तर अशी जमलीत की नेमकी बसलेली कवळी आठवावी, फट म्हणून नाही. कात्रीला लिहिलं, रडायची गरज नाही. रुमाल मात्र आण.

२८ मार्च

काय लिहू.

मोठं सभागृह नव्हतंच. तळमजल्यावरची खोली, बाजूला स्वच्छतागृह. दर थोड्या वेळाने भिंतीतून हात वाळवण्याच्या यंत्राचा आवाज. तरी खोली भरली, कारण निळ्या केसांवालीने तिची अख्खी फौज आणली होती. बायको माझ्या शेजारी. कात्री समोर परीक्षकांच्या टेबलाशी, खरंच रुमाल घेऊन.

माझा पाचवा. पहिला ढोल वाजला. आणि त्यानंतर चित्र बदललं.

त्यानंतर! ढोलाबरोबर नाही. मला वाटलं, इथला पडदा बिघडला. पण आधीचे चारही व्हिडिओ ठीक होते. दुसरा ढोल — कट मागून. तिसरा — मागून. केस-दोन केस उशीर, पण प्रत्येक वेळी. तोंडात हलणाऱ्या दातासारखा. मी खुर्चीचा हात धरून बसलो. दार लागल्याचा आवाज येतो आणि मग ती मुलगी वळते. शिट्टी वाजून जाते आणि मग ती धावते. सगळीकडे ती उशिराच पोचतेय.

मी मान खाली घातली. खोली गप्प होती. हात वाळवणारं यंत्रसुद्धा. मला वाटलं, दया म्हणून गप्प आहेत.

मग कुणीतरी नाक ओढलं. मग आणखी कुणी. दिवे लागले तेव्हा निळ्या केसांवालीच्या डोळ्यांतलं काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं.

प्रेक्षकांचं पहिलं बक्षीस मला. मंचावर गेलो आणि खरं तेच बोललो, "हे असं करायचं नव्हतं. चुकून झालं."

टाळ्या. निळ्या केसांवाली माइकमध्ये म्हणाली, "बघा, किती साधा माणूस आहे."

२९ मार्च

कात्रीचा फोन. नमस्कार नाही, काही नाही.

"बिनवायरचे हेडफोन?"

मी टेबलावरच्या हेडफोनकडे बघितलं.

"त्यात आवाज उशिरा पोचतो रे, गाढवा. ऐकून कापलंस म्हणजे सगळं मागे सरकलं. लहरी बघायच्या होत्यास एकदा तरी."

त्याने ठेक्यासाठी मला शून्य दिलंय. त्या खोलीत माझी कदर असलेला तो एकटाच निघाला. फोन ठेवताना म्हणाला, "कुणाला सांगणार नाही." आणि मग, "गच्चीवरच्या शेवटच्या भागात मलाही रुमाल लागला. त्याचे गुण वेगळे दिलेत."

बायकोला सांगायचं नाही. हेडफोन तिने हौसेनं आणलेत. मंचावरचं कुणी खरं मानलंच नाही, तेव्हा मी म्हणणार, मुद्दाम केलं.

६ एप्रिल

मुद्दाम केलं म्हटल्याचे परिणाम. निळ्या केसांवालीने तिच्या वाहिनीवर मुलाखत घेतली. "काका, उशिराचा कट — हा विचार कुठून आला?"

मी म्हणालो, दुःख ठेक्यावर येत नाही.

कुठून आलं हे वाक्य, मला माहीत नाही. स्वतःचीच लाज वाटली. पोरांनी मात्र ते टी-शर्टवर छापायला घेतलंय. आता सगळे उशिरा कापतायत. पंधरा सेकंदांत उशीर करायला जागा पुरत नाही, म्हणून व्हिडिओ लांबवतायत. एकाने तीन मिनिटांचा केला. त्याखाली प्रतिक्रिया — "हा काय नवीन प्रकार? भारी आहे!"

कन्व्हेन्शनवाल्यांनी कळवलंय, स्पर्धा बंद होत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मोठं सभागृह. पोशाखवाले आमच्यावर चिडलेत.

१३ एप्रिल

सकाळी चहा घेताना बायको म्हणाली, "मुलाखत ऐकली. ते हेडफोनमुळेच झालं ना?"

मी बिस्कीट चहात सोडलं.

"मी पहिल्याच आठवड्यात त्यांच्यावर बातम्या बघितल्या होत्या. बाईचे ओठ आधी, आवाज नंतर. मला वाटलं तुला माहीत असेल. तू एवढा कानवाला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या कामात मी कधी बोलले आहे का? तू बोलू दिलं आहेस का?"

हे खरं आहे. चमच्याने बिस्कीट शोधत बसलो. मग ती म्हणाली, "तुझे जुने सगळे बघितलेत मी. छान असतात. कवायतीसारखे. यात ती मुलगी मला पहिल्यांदा दिसली."

राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण जुने सगळे हिने कधी बघितले? मी तर एकही दाखवला नव्हता. दिवसभर लॅबमध्ये तेच डोक्यात. एक सुळा उलटा बसवला.

४ मे

घरी आलो तर माझ्या खुर्चीत बायको. संगणकाचा पासवर्ड बदललाय. "स्पर्धेपर्यंत बघायचं नाही," म्हणाली. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी नावनोंदणी केली, तिची तिने. मालिका कोणती, गाणं कोणतं, काही सांगत नाही. आतून आत्ता एकटीच हसल्याचा आवाज आला. मी दाराबाहेर उभा आहे. चहा घेऊन.