दोन बोटं

गेर्लिंगेन, जर्मनी, सोमवार, १७ मार्च २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोलले तर पलंगावरून आई ऐकेल, म्हणून हॉस्पिटलच्या बाकावर बसून ही मेल लिहिते आहे. घाबरू नका असं लिहिणार होते, पण मीच घाबरले आहे.

आईच्या गेल्या महिन्यात मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात जंतू शिरले आहेत. वर नव्हे, पार आत. शनिवारी अन्वीच्या पाचव्या वाढदिवसाला डोळा लाल दिसला, तर कांदा चिरला म्हणाली. काल सुजून मिटला तेव्हा नोटाउफ्नामला, म्हणजे इथल्या तातडीच्या विभागात आणलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, असं क्वचितच होतं, पण झालं की डोळा बघता बघता हातचा जातो. आतलं थेंबभर पाणी सुईने काढून तपासायला दिलंय आणि डोळ्यातच अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलंय. मला बघवेना. उलट आईच मला धीर देत होती.

चांगला डोळा हाताने झाकून तिने बोटं बरोबर मोजली, म्हणून तूर्त इंजेक्शनवर थांबलेत. नुसता उजेडच कळत असता तर लगेच ऑपरेशन करून आतला खराब झालेला गर काढावा लागला असता. डोळ्यात पाणी गेलं होतं का, हे त्या पुन्हा पुन्हा विचारतात. आई नाही म्हणते. तुम्हाला काही माहीत आहे का?

तुमचा हात डोक्यावर असू द्या.
तुमची सुकन्या

कऱ्हाड, सोमवार, १७ मार्च

चि. सुकन्या,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी मेल पुन्हा पुन्हा वाचली. गॅसवरचा चहा जळून गेला.

तुझ्या आईला पाणी विचारून उपयोग नाही, तीर्थ विचार. पूजा झाली की पळीभर तीर्थ घ्यायचं आणि ओली बोटं दोन्ही डोळ्यांना लावायची, हे मी लग्नापासून बघतो आहे. ऑपरेशननंतर मी हटकलं, तर माझ्याशीच अबोला धरला. नदीच्या पाण्याची बाटली तिने बॅगेत घेतलीच असणार. ती तुमच्याशी खोटं बोललेली नाही, पोरी. तिच्या लेखी ते पाणीच नव्हे.

बोटांचं मात्र खरं धरू नकोस. पित्ताशयात खडे असताना हिने तुझं लग्न हसत पार पाडलं होतं. तू समोर असलीस की तिला सगळं दिसतं. डॉक्टरांना म्हणावं, पुन्हा तपासा. मला फार भीती वाटते गं, आणि इथे बोलायला कुणी नाही.

अन्वीला गोड पापा. स्वतः दोन घास खा.
तुझे बाबा

गेर्लिंगेन, मंगळवार, १८ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

आईला विचारलं. तीर्थ रोज लावायची, दुखायला लागल्यावर तर दोनदा. डॉक्टरांना जर्मनमध्ये तीर्थ समजावताना मला घाम फुटला, पण त्या हसल्या नाहीत. पाण्यात वाढणारे जंतू शोधा असं त्यांनी लॅबला कळवलं आणि बाटलीही तपासायला मागवली. तुमची बोटांची शंकाही मी सांगितली, तेव्हा मला आईच्या मागे उभं करून न बोलण्याची ताकीद दिली.

या वेळी चांगल्या डोळ्यावर त्यांनी स्वतः पट्टी लावली. काल ती बोटांच्या फटीतून बघत होती. किती बोटं, असं त्यांनी सोप्या इंग्रजीत विचारलं. आईने ठणकावून सांगितलं, दोन.

बाबा, डॉक्टरांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

माझा हुंदका तिने ऐकला. मग कबूल केलं की रविवारपासून त्या डोळ्याने काही दिसत नाही, खिडकी कुठे आहे तेवढंच कळतं. मी घाबरेन म्हणून सांगितलं नाही म्हणे. मला तिचा इतका राग आला, आणि इतकी माया.

आत्ताच तिला ऑपरेशनला नेलं. नजर किती वाचेल, डॉक्टर काहीच सांगत नाहीत. दारापाशी तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली की तिला भीती वाटते आहे. जन्मात पहिल्यांदा म्हणाली. मलाही वाटते, एवढंच मी बोलू शकले, आणि तिने मान हलवली.

आशीर्वाद द्या, आज सगळे तिलाच.
तुमची सुकन्या